जहाजाच्या पुढून

"बयानात एवढंच सांग. होडी मल्लाहाची, चूक मल्लाहाची," चहाची बशी खाली ठेवत ढुंढिराज म्हणाला. "तू उपाध्या. इंजिन काय तू चालवत होतास?"

काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीत, आपल्या घरात यज्ञेश्वर उपाध्ये मान खाली घालून बसले होते. अकरा वाजता पोलीस चौकीत त्यांचा जबाब होता. ढुंढिराज हा त्यांचा चुलतभाऊ, महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांचे विधी करणारा. भावाचं नाव पेपरात आलं तर आपलेही यजमान तुटतील, ही त्याची खरी काळजी.

घडलं ते असं. परवा सकाळी अमरावतीहून अनिमेष आणि त्याची बहीण मैत्रेयी वडिलांच्या अस्थी घेऊन आले. भोसले घाटावर मल्लाह छेदी निषादच्या मोटारबोटीत बसताना छेदीने तिघांनाही लाल लाइफ जॅकेटं दिली. यज्ञेश्वरांनी आपलं बाजूला सारलं. रोज शंभर जणांनी घातलेलं, घामाचं, ओलं जॅकेट सोवळ्यात अंगाला कसं लावायचं? अनिमेष संकल्पाला बसणार होता, म्हणून त्यालाही काढायला लावलं.

"गुरुजी, मला पोहता येत नाही हं," तो हसत म्हणाला.

"गंगामाईच्या कुशीत भीती कसली?"

मैत्रेयी संकल्पाला नव्हती. तिचं अंगावरच राहिलं.

अस्थी मध्यधारेत सोडायच्या, हा रिवाज. तिथेच पाणी खोल, आणि जहाजांची वाटही तीच. रामनगरकडून एक मालवाहू जहाज खाली येत होतं. छेदीने इंजिन मंद केलं. "गुरुजी, पहले ई निकल जाए. फिर पीछे से काटेंगे." लहान होडीने जहाजाच्या पुढून जाऊ नये, भरलेलं जहाज जागच्या जागी थांबत नाही, हे घाटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण यज्ञेश्वरांचा दुसरा यजमान साडेदहाला यायचा होता.

"अरे चलो छेदी, अभी बहुत दूर है!"

होडी जहाजाच्या नाकासमोरून निसटली, पण लाटेने आडवी झाली आणि उलटली. मैत्रेयी तरंगत राहिली. छेदीच्या हाताला यज्ञेश्वर लागले. त्याने त्यांना शेंडी धरून ओढलं. अनिमेषचा मृतदेह काल दुपारी राजघाटाच्या पुलाजवळ सापडला.

आता छेदीचं लायसन जाणार होतं. कदाचित तुरुंगही होणार होता.

यज्ञेश्वरांच्या पत्नी सीताबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. आवाज न चढवता बोलायची.

"भावजी, हे कमरेला मोबाईल खोचून संकल्प सांगतात. त्या मोबाईलला कुठलं सोवळं?"

"वहिनी, शास्त्रात काही मर्यादा असतात."

"शास्त्रात आपद्धर्मही असतो. तुम्हीच सांगता ना लोकांना?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "आपल्या देवव्रतच्या बाळंतपणात मला तीन बाटल्या रक्त चढवलं. कुणाचं होतं, विचारलंत? तेव्हा पेढे वाटलेत. परक्याचं रक्त चालतं आणि परक्याचं जॅकेट चालत नाही!"

यज्ञेश्वर उठले. उपरणं उचलून निघाले. ढुंढिराज मागून ओरडला, "सात पिढ्यांची यजमानकी आहे, यज्ञू! विसरू नकोस!"

चौकीत मैत्रेयी खुर्चीवर बसली होती. छेदी जमिनीवर, भिंतीला टेकून. सुजलेला उजवा हात त्याने मांडीवर धरला होता. यज्ञेश्वरांना बघताच तो धडपडत उठला.

"परनाम गुरुजी. तबियत ठीक बा न?" मग हळूच, "हम आपका नाम नहीं लिए हैं. कह दिए, हमीं से गलती भई."

यज्ञेश्वर जागीच थांबले. ज्या माणसाने आपल्याला पाण्यातून काढलं, तोच आता आपल्यासाठी बुडायला बसला आहे! आणि त्याला बुडवायला आपण घरून वाक्य पाठ करून आलो आहोत!

फौजदाराने कागद पुढे ओढला. "बोलिए पंडितजी."

यज्ञेश्वरांनी सगळं सांगितलं. जॅकेट आपण काढायला लावलं. छेदी थांबत होता, घाई आपण केली. "इसने मना किया था. लिखिए. मना किया था," असं त्यांनी दोनदा सांगितलं. मग त्यांनी सही केली.

छेदीला त्यांनी विचारलं, "तू थांबला का नाहीस रे?"

"आप कहे, त हम कइसे ना कहें?" छेदी म्हणाला. "बाप-दादा भी आप लोग का कहा मानते थे."

मैत्रेयी इतका वेळ खिडकीकडे बघत होती. यज्ञेश्वर तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"ताई, अनिमेषचं पुढचं सगळं मी..."

"नको," ती म्हणाली. "पोहता येत नाही, हे त्याने तुम्हाला सांगितलं होतं. मी ऐकलंय. दादाचं जे करायचं ते मी करीन. तुमच्या हातून नको."

तिने क्षमा केली नाही, आणि यज्ञेश्वरांनी ती मागितलीही नाही.

छेदी सुटला. यज्ञेश्वरांवर खटला उभा राहिला. त्या महिन्यात त्यांची तीन यजमान घराणी ढुंढिराजकडे गेली. तिथे अजूनही होडीत बसताना सोवळ्याच्या नावाने जॅकेटं काढून ठेवतात. यज्ञेश्वर स्वतः जॅकेट घालून संकल्प सांगतात. घाटावर त्यांना 'जाकिट-गुरू' म्हणून हसतात.

वाचकहो, काशीला आपण सगळेच कधी ना कधी कुणाच्या तरी अस्थी घेऊन जातो. होडीत बसलात की जॅकेट घाला, आणि काढ म्हणणारा कितीही पूज्य असो, त्याला नाही म्हणा. मल्लाह थांब म्हणाला तर थांबा. नदी त्याला कळते, आपल्याला नाही. आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना आपण हुकूम करत आलो, त्यांना नाही म्हणता येईल असं त्यांच्याशी वागा. छेदीला त्या सकाळी 'नाही' म्हणता आलं असतं, तर अनिमेष आज अमरावतीत असता.