पाचवा कप

पांढुर्ण्याच्या मोरेश्वर गुरुजींच्या घरी त्या रविवारी सकाळपासून गोळाभाताची तयारी चालली होती. सरलाबाईंनी गोळ्यांसाठी डाळीचा भरडा भिजवला होता, लसणाची फोडणी करून ठेवली होती आणि कपाटातला चिनी मातीचा सेट स्वतः धुऊन पुसला होता. पाहुणाच तसा होता. जर्मनीत या दोघांच्या मुलाच्या, चेतनच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस ज्यानं त्याला मऊ भात करून भरवला, तो रामाकोना गावचा सुमेध आज येणार होता. दोघं तिकडे एकाच कॉलेजात शिकत होते आणि सुट्टीसाठी बरोबरच परतले होते.

सुमेध नुसता भेटायला येत नव्हता. चेतनची धाकटी बहीण हिमानी पुढच्या महिन्यात तिथेच शिकायला जाणार होती. चेतन आणि सुमेध राहत होते त्या घराचा भाडेकरार सुमेधच्या नावावर होता. त्यातली एक खोली रिकामी झाली, ती त्यानं हिमानीसाठी राखून ठेवली. त्याची सही झाल्याशिवाय खोली नाही, आणि राहायचा पत्ता नसला तर व्हिसाचे कागद हलणार नव्हते.

"आपल्यातलाच हाय ना तो पोरगा?" ऑपरेशनच्या वेळी सरलाबाईंनी फोनवर एवढंच विचारलं होतं.

"हो, आपल्यातलाच," चेतन म्हणाला होता. आजारी आईला धीर देण्यासाठी मुलं खोटं बोलतात. इथे आजारी मुलगा स्वतःच्या ताटासाठी खोटं बोलला. त्यानंतर व्हिडिओ कॉलवर सरलाबाई सुमेधला माझा दुसरा लेक म्हणू लागल्या.

अकराच्या सुमारास सुमेध आला. हिमानीनं चहा आणला आणि तीही बसली. चेतन रंगात येऊन तिकडच्या गोष्टी सांगू लागला.

"पयल्या घराची मालकीण लय खराब होती, बाबा. आमी मसाला खातो म्हणून तिनं आमची भांडी अलग काढली. आमच्या कपाले लाल पट्टी लावली. मी तं बाथरूमात जाऊन रडलो. सुमेधच भांडला तिच्यासंग, मंग यानंच हे घर पाह्यलं."

"एवढे पुढारलेले लोक आन् माणसाले असं वागवून राहिले," गुरुजी चिडून म्हणाले. त्यांनी एकतीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं होतं.

सरलाबाईंचेही डोळे भरून आले. "बेटा, तू होता म्हणून माहा पोरगा वाचला. रामाकोन्यात आमचे लय सोयरे हायेत. तुमचं घर कोण्या बाजूले?"

"बुद्धविहाराच्या मांगं, काकू," सुमेध सरळपणे म्हणाला.

सरलाबाईंनी चेतनकडे पाहिलं. चेतननं मोबाइल काढला. गुरुजींना एकदम वर्तमानपत्र आठवलं.

"चहा थंडा झाला वाटते. गरम करून आणते," असं म्हणून सरलाबाईंनी भरलेले कप उचलून नेले. परत आल्या तेव्हा ट्रेमध्ये चार कप चिनी मातीचे होते आणि पाचवा कागदाचा.

हे लिहिताना मला किळस येते. पूर्वी असल्या घरांत अंगणातल्या कोनाड्यात वेगळी कपबशी ठेवत. ती निदान येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायची, त्या घराची लाज उघड्यावर असायची. आता कागदी कपांचं पाकीट आणलं की झालं. विचारलं तर स्वच्छता म्हणता येतं, आणि चहा पिऊन झाला की पुरावाही कचऱ्यात जातो.

सुमेधनं त्या कपाला हात लावला नाही. पिशवीतून खोलीचे कागद काढून त्यानं टीपॉयवर ठेवले.

"काकू, सही कराच्या आंधी एक सांगून देतो. त्या घरात किचन एकच हाय. एकाच कुकरात भात शिजते. चेतन तोच खाते. हिमानीले बी तोच खा लागन."

"तिकडचं तिकडं चालते, बापा. तिकडं कोण पाह्यते? इथं आमाले चार लोकांत राहा लागते." मघाचा बेटा कुठल्या कुठे गेला होता. "तुमी सही करून द्या. पोरीचं काम अडून राहिलं."

सुमेध चेतनकडे वळला. "तू घरी सांगतलंच नव्हतं?"

"सोड ना यार. आई जुन्या वळणाची हाय. तिकडं गेल्यावर बोलू," चेतन मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

सुमेधनं पेन काढून सही केली आणि कागद हिमानीपुढे सरकवले. तिचा यात काय दोष, एवढाच विचार त्यानं केला असावा.

घरभर फोडणीचा वास सुटला होता. हिमानी उठली. "आई, पानं घेऊ का? गोळाभात झाला."

"त्यायची रामाकोन्याची बस निंगून जाईन ना आता," सरलाबाई घाईनं म्हणाल्या.

ज्याच्यासाठी सकाळपासून चूल पेटली होती, त्यालाच उपाशी घालवायचं चाललं होतं. हिमानीनं कागद उचलले, घडी केली आणि सुमेधच्या हातात परत दिले.

"सुमेधदादा, मले ही खोली नोको."

"पागल झाली का?" सरलाबाई म्हणाल्या. "कॉलेज सुरू व्हाले महिना राहिला."

"दुसरी पाहीन. नाई भेटली तं नाई जाईन. याईची सही घेऊन, याईच्या हातचं खाऊन, घरी आले की याईले असा चहा देणारी मी नाई होणार." मग ती भावाकडे वळली. "दादा, तुले तिथं रडू आलं होतं ना? आज काऊन नाई आलं?"

हिमानी सुमेधला पोचवायला बस स्टँडपर्यंत गेली. तिच्या परदेशाचं आता काय होईल हे तिला ठाऊक नव्हतं, आणि तरी तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

इकडे सरलाबाईंनी सुमेध बसला होता ती खुर्ची ओल्या फडक्यानं पुसली. चेतननं गोळाभात दोनदा मागून घेतला. संध्याकाळी त्यानं सुमेधला मेसेज पाठवला: "आईचं मनावर घेऊ नको. गुरुवारी तिकडच्या घरी पोचलो की भात तूच लाव भाऊ, मले जमत नाई."

आपण काही वावगं लिहिलं असं त्याच्या मनातही आलं नाही. मला त्या सगळ्या दिवसात सर्वांत घाण वाटली ती याचीच.