गंजाचा बिनमटणाचा महिना

माझ्या पोटात आजवर किती वेळा मटण शिजलं ते मी मोजलेलं नाही, पण ते सांगायची मला लाजही वाटत नाही. मी प्रभावतीचा गंज. दिग्रसकडे पातेल्याला गंज म्हणतात. मी जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, रुंद तोंडाचा. वीस माणसांचं वरण माझ्यात एका वेळी होतं. एकदा मला एका दारातून परत पाठवलं होतं. कोण तसं करायला धजलं, आणि पुढे काय झालं, ते आज मीच बोलून टाकतो.

माझा जन्म कारखान्यातला. सपाट पत्रा फिरत्या साच्यावर दाबला आणि मला पोट आलं. तिथून मी पुसदच्या बाजारात आलो आणि एका दुकानाच्या आढ्याला टांगला गेलो. तानाबाई नावाची म्हातारी सुनेसाठी भांडी घ्यायला आली. तिने बोटाच्या पेराने मला वाजवलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाली, "हा द्या. याचा आवाज भरला हाय." ती सून म्हणजे प्रभावती.

घर बौद्धांचं. प्रभावतीच्या आजेसासऱ्याने छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. घरात माणसं मोजकी: नवरा गोविंदा, मुलगी दीपा, आणि मी घरात आल्यावर दोन वर्षांनी वारली ती तानाबाई. गोविंदा दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. प्रभावती तिथेच कापसातला पाला आणि कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचायची. संध्याकाळी घरी आली की तिच्या केसांत, भुवयांत पांढरे तंतू असायचे. रविवारी मात्र ती डोक्यावरून पाणी घ्यायची, पाट्यावर खोबरं, कांदा, खसखस वाटायची आणि मला चुलीवर चढवायची. मटणावर लाल तर्री आली की दीपा भाकर घेऊन माझ्याजवळच बसायची.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. शेतकऱ्यांबद्दल पुष्कळ लिहून आलं. जिनिंगमधल्या बायांबद्दल कोणी लिहिलं नाही. दोन हजार पाच साली त्यांचं जिनिंग बंद पडलं. गोविंदा मिळेल तिथे हमाली करू लागला. मटणाच्या जागी वजडी आली, वजडीच्या जागी सुकट आली. मी तेही शिजवलं, आणि तेवढ्याच चवीनं शिजवलं.

त्या हिवाळ्यात खरेदी केंद्राबाहेर कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागली. दोन दोन, तीन तीन दिवस माणसं बैलांसकट रस्त्यावर बसून राहायची. गावातल्या काही बड्या लोकांनी समिती केली आणि रांगेतल्या शेतकऱ्यांसाठी भोजन केंद्र उघडायचं ठरवलं. स्वयंपाकाला बाया हव्या होत्या. समितीची मोठी भांडी अजून यायची होती, म्हणून ज्यांच्याकडे असेल त्यांनी आपलं भांडं आणावं, असा निरोप होता. प्रभावतीने मला डोक्यावर घेतलं. सोबत तिची जिनिंगमधली मैत्रीण रुपीबाई होती, जवळच्या तांड्यावरची.

केंद्राची व्यवस्था पंजाबराव पाहायचे. हातात चहाचा कप घेऊन ते मंडपाच्या तोंडाशी उभे होते. मला पाहून खूश झाले आणि रिकामा हात माझ्यावर ठेवला.

"गंज तं मोठा हाय, बाई. काय काय शिजते यात?"

"सगळंच," प्रभावती म्हणाली. "वरण, भात, भाजी, मटण."

पंजाबरावांनी माझ्यावरचा हात काढून घेतला.

"मंग नाही जमत. समितीचा नेम हाय. जे खातात त्यायच्या हातचं इथं चालत नाही. भांडंही चालत नाही."

"काहून? रांगेत बसले ते कास्तकार काय खात नाहीत?"

"खाणारे वेगळे, रांधणारे वेगळे."

रांगेतल्या पहिल्या बंडीवर धावजी नावाचा शेतकरी बसला होता. तो मान वळवून ऐकू लागला. मागच्या बंड्यांवरचेही दोघं-तिघं खाली उतरले. पंजाबराव अवघडले. समितीचे लोक नाराज होतील ही त्यांना भीती होती, आणि चारचौघांत बाईला हाकलणंही त्यांना नको होतं.

"किती दिवस सोडलं की हात शुद्ध होते?" प्रभावतीने विचारलं.

"महिना तरी पाळा," पंजाबराव म्हणाले. "मंग पाहू." त्यांना वाटलं, विषय मिटला.

प्रभावतीने त्यांच्या कपाकडे पाहिलं.

"हे दूध कुठून येते, भाऊ?"

"दुधाचं काय? दूध पवित्र असते."

"वासराले विचारा."

बंडीवरचा धावजी मोठ्याने हसला. प्रभावती हसली नाही.

"जनावराचं सोडायचं ना? मंग अर्धंमुर्धं कायले? मटण सोडलं. अंडं, सुकट सोडली. दूध, दही, ताक, तूप, मध, सगळं सोडलं. महिनाभर जनावराचं काहीच माह्या पोटात जाणार नाही, आन् या गंजातही नाही. तीस दिवसांनी येऊन उभी राहतो का नाही, पाहा."

तिने मला उचललं आणि चालू लागली. मी पत्र्याचा, पण त्या दिवशी माझ्या काठापर्यंत राग भरला होता.

घरी गोविंदा भडकला. "आपण काहून सोडायचं? त्यायच्यासमोर बसून खाऊ! तुले कायले पायजे त्यायचं सर्टिफिकेट?"

"मले सर्टिफिकेट नाही पायजे. मले त्यायले हे दाखवायचं हाय का गोष्ट खाण्याची नाहीच. मी सगळं सोडलं तरी ते दुसरं काही काढतीन. ते काय काढतात, ते सगळ्यायले दिसू दे."

"आन् आम्ही?"

"तुम्ही खा. शब्द मी देल्ला, मीच पाळीन."

रुपीबाईने तर सरळ सांगितलं, "मी नाही सोडत बाप्पा. तांड्यावर देवीचा बोकड हाय पुढच्या मंगळवारी. मले कोणाले काही दाखवायचं नाही." दोघींमध्ये त्यावरून वाकडं आलं नाही. रुपीबाई बोकडाचं जेवूनही आली आणि येताना प्रभावतीसाठी जवसाची चटणीही घेऊन आली.

पहिल्या संध्याकाळी दीपाने विचारलं, "आई, गंज राखेनं चांगला रगडू काय? वास निघून जाईन."

"रोज घासतो तसाच घास. जास्त घासला तं तो आधी घाण होता असं होईन."

हे ऐकून मला जे वाटलं ते मी कधी विसरणार नाही.

मटण सोडणं तिला जड गेलं नाही, कारण ते तसंही कमीच झालं होतं. जड गेलं ते दूध. दिवसातून तीनदा चहा घेणारी बाई, काळा चहा पिऊन चौथ्या दिवशी डोकं बांधून बसली. मग ध्यानात आलं की जनावराचं सगळीकडे आहे. शेजारच्या बारशाला खीर, कोणाच्या घरी तुपाचा लाडू, बाजारातून दमून आल्यावर कोणी पुढे केलेलं ताक. प्रत्येक वेळी नाही म्हणावं लागे, आणि प्रत्येक वेळी का ते सांगावं लागे. काही बाया हसत. एक तर म्हणाली, "तू काय साध्वी होऊन राह्यली काय?"

"नाही वं. भांडून राह्यली," प्रभावती म्हणाली.

हरभऱ्याची भाजी, अंबाडी, वांग्याचं भरीत, ज्वारीच्या कण्या, तेल-तिखट असं सगळं होत होतं. पण रविवार आला की तिची जीभ रविवारचंच जेवण मागायची. दुसऱ्या रविवारी तिने तुरीचे ओले दाणे सोलले. आमच्याकडे त्यांना सोले म्हणतात. पाट्यावर तेच खोबरं, तोच भाजलेला कांदा, तीच खसखस. तेल सढळ सोडलं आणि मला मंद आचेवर ठेवलं. तर्री आली. दारातूनच गोविंदाने नाक वर केलं.

"मोडला काय नेम?"

"जेवून पाहा."

तो तीन भाकरी जेवला आणि डाव घेऊन माझ्या तळाशी शोधत राहिला. "कुठं तरी हाड असलंच पायजे यात," म्हणाला. प्रभावती त्या महिन्यात पहिल्यांदा पोट धरून हसली.

एकोणिसाव्या दिवशी मात्र कसोटी लागली. तिचा धाकटा भाऊ संघदीप पुसदहून आला. ताई खंगली म्हणून कोणीतरी सांगितलं होतं. त्याने गावरान कोंबडा आणला होता.

"ताई, हा तुह्यासाठी हाय. बस झालं हे. कोण पाहते घरात?"

"मी पाहतो ना, घरात."

त्याला वाईट वाटू नये म्हणून तिने कोंबडा शिजवू दिला, अंगणात, शेजारच्या भांड्यात. मी रिकामा, पालथा पडून होतो. मसाल्याचा वास माझ्या कडेवरून गेला आणि खरं सांगतो, मला तो कोंबडा हवा होता. तिलाही हवा होता. तिने भावाला, नवऱ्याला, मुलीला वाढलं आणि स्वतः चटणी-भाकर घेऊन त्यांच्याच पंगतीला बसली. दोन घास झाल्यावर तिचे डोळे भरले. संघदीपने ताट बाजूला सारलं.

"रडतं कायले? सोडून दे ना."

"कोंबड्यासाठी नाही रडत," ती म्हणाली. "माह्या घरात, माह्या भावानं आणलेलं, आन् मी नाही म्हणतो. कोणाले दाखवायले? याचा राग येते." मग तिने त्याचं ताट पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं. "पण अकरा दिवस राह्यले. जेव तू."

इकडे रांगेतले लोक कापूस मोजून गावोगाव परतत होते आणि ही गोष्ट बंड्यांवरून सोबत नेत होते. नवे येत, ते विचारत, "त्या बाईचे किती दिवस झाले?" ज्यांनी तिला पाहिलंही नव्हतं, ते दिवस मोजत होते.

तिसावा दिवस उलटल्यावर शनिवारी सकाळी प्रभावतीने मला डोक्यावर घेतलं. मंडपात पंजाबराव होते, आणि समितीचे अध्यक्षही आले होते. धावजी कापसाची दुसरी खेप घेऊन पुन्हा रांगेत होता. माणसं गोळा झाली.

"महिना झाला," प्रभावती म्हणाली.

अध्यक्षांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कौतुक आहे बाई तुमचं. पण आता असं करा, कायमचं सोडलं असं लिहून द्या. आणि हा गंज नको. नवं भांडं आम्ही देऊ."

पंजाबराव खाली पाहत होते.

"महिना म्हणाले होते हे भाऊ," ती म्हणाली. "महिनाभर दुधाचा थेंब घेतला नाही. तुमच्यापैकी कोणी एक दिवस चहा सोडला काय? माह्या पोटात तुमच्यापेक्षा कमी जनावर हाय आज. तरीही हात चालत नाही, गंज चालत नाही. मंग खाण्याचं नाव कायले घेता? खरं काय ते नाव घ्या ना."

अध्यक्षांनी घड्याळात पाहिलं.

"तुमच्या इथं तुम्ही म्हणान ते रांधलं असतं," प्रभावती म्हणाली. "पण माह्या घरात काय शिजवायचं ते मी लिहून देणार नाही."

ती वळली. तेवढ्यात धावजी बंडीवरून उतरला. "बाई, जाता कुठं? माह्या बंडीच्या आडोशाले मांडा चूल. तूरडाळ हाय माह्यापाशी."

रुपीबाईने विटा आणल्या. दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला, भोजन केंद्राच्या बरोबर समोर, मी चुलीवर चढलो. भुकेल्या माणसाने फुकटचं जेवण टाकावं असं मी म्हणत नाही, आणि तसं झालंही नाही. निम्मे लोक मंडपातच जेवले. निम्मे आमच्याकडे आले, आपापल्या शिदोरीतलं पीठ, डाळ, मिरच्या घेऊन.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. प्रभावतीने माझ्यात मटण टाकलं, भर रस्त्यावर, दिवसाढवळ्या. महिन्याभराने तेल, मसाला आणि मटण एकत्र उकळताना मी असा काही खदखदलो की रांगेतली माणसं वास काढत आली. पंजाबरावही आले.

"इथं नका शिजवू, बाई. समितीचे लोक याच रस्त्यानं येतात."

"रस्ता समितीचा हाय काय?"

ते परत गेले. त्यांनी पुन्हा कधी टोकलं नाही. आमच्याकडे ते कधी जेवले नाहीत, हेही खरं.

पुढच्या हंगामात समितीचं केंद्र निघालंच नाही. आमची चूल मात्र राहिली. आधी रांगेजवळ, मग बसस्टँडच्या मागे, पत्र्याखाली. आठवडाभर सोल्याची नाही तर मोटाची, म्हणजे मटकीची, भाजी आणि वरण, रविवारी मटण. प्रभावती आणि रुपीबाई, दोघी मालकिणी. गोविंदा आता पाणी भरतो आणि बाहेरच्या माणसाला 'आमचं हॉटेल' म्हणून सांगतो.

मागच्या महिन्यात यवतमाळच्या गाडीतून एक कॉलेजातली मुलगी उतरली. घरचे सगळे मटण खाणारे, ही मात्र महिनाभर जनावराचं काहीच न खाता राहून पाहत होती. दूध-तूपही नाही. आपल्याला चालेल असं काही मिळेल का, हे तिने बिचकत बिचकत विचारलं, लोक हसतात म्हणून.

"कोणी सांगतलं तुले सोडायले?" प्रभावतीने विचारलं.

"कोणीच नाही. माझंच मन झालं."

"मंग बस. पोटभर खा." तिने माझ्या तळातून दाटसर सोले तिला वाढले. पोरीने दोनदा मागून घेतले.

माझं बूड आता पातळ झालंय. दोन ठिकाणी डाग दिलाय, आच मोठी झाली की मी थोडा झिरपतो. मोडीत घालायचं तेव्हा घाला, माझी तक्रार नाही. तोवर जो कोणी येईल त्याला माझ्यातून वाढत राहा. वाढण्याआधी विचारायचंच असेल काही, तर एवढंच विचारा, तिखट चालतं ना?