काळूचा खडक

लताबाई पिंगळे परातीवर ओला फडका टाकून सकाळी सातला घराबाहेर पडल्या. परातीत मासे होते. पहिल्या घरी दार उघडलं, पण सुलाबाईंनी उंबऱ्यातूनच हात जोडले.

"नको हो वहिनी. मागच्या खेपेचे मी घेतले, पण खरं सांगते, संपले नाहीत. शेवटी टाकून दिले."

दुसऱ्या घरी सोमवारचा उपास होता. तिसऱ्या घरी दोन तुकडे घेतले, तेही भिडेखातर. वसाहतीच्या टोकापर्यंत जाऊन लताबाई परतल्या तेव्हा परात अर्ध्याहून जास्त भरलेलीच होती. ऊन चढत चाललं होतं. पेटीतला बर्फ कालच वितळला होता. त्यांनी कुदळ घेतली आणि संडासामागच्या मोकळ्या जागेत खड्डा खणून उरलेली मासळी पुरली. हात तीनदा साबणाने धुतले, तरी वास गेला नाही.

हे दर महिन्याला चाले. १९८१ सालच्या सप्टेंबरातल्या त्या सोमवारी मासळी नेहमीपेक्षा दुप्पट होती, एवढाच फरक.

लताबाईंचे यजमान वाल्मीकराव नाशिकरोडच्या एका सरकारी कारखान्यात यंत्रावर कामाला होते. मूळचे दिंडोरीकडचे. माणूस निर्व्यसनी, सरळमार्गी. छंद एकच, गळाने मासे धरण्याचा. लहानपणी ओढ्यावर बांबूची काठी घेऊन बसायचे, नोकरी लागल्यावर दारणेच्या काठावर बसू लागले. पुढे कारखान्यातले समानशील मित्र जमले आणि 'गोदावरी मत्स्यछंद मंडळ' निघालं. सभासद एकोणीस. महिन्यातून एकदा भाड्याची जीप करायची, त्र्यंबक-जव्हारवरून डहाणूच्या बाजूला उतरायचं, पहाटे लहान होडीतून समुद्रात शिरायचं आणि दुपारपर्यंत गळ टाकायचे, असा शिरस्ता होता. वर्षाअखेरीस ज्याचे मासे सर्वांत जास्त भरतील त्याला पितळी कप मिळे. तो कप दोन वर्षं वाल्मीकरावांच्या घरात होता. शेजारी त्यांचा फोटो लावलेला होता. फोटोत ते पायाशी माशांचा ढीग घेऊन, कमरेवर हात ठेवून उभे होते.

या यशाचं निम्मं श्रेय खरं तर नवशा तांडेलाचं होतं. नवशा हा त्या किनाऱ्यावरचा होडीवाला. पहिल्याच वर्षी वाल्मीकरावांशी त्याची गट्टी जमली, आणि त्या मैत्रीपोटी त्याने त्यांना एक जागा दाखवली. किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर पाण्याखाली एक मोठा खडक होता. नवशाच्या बापाने, काळू तांडेलाने, तरुणपणी तो शोधून काढला होता, म्हणून गावात त्याला काळूचा खडक म्हणत. तांबोशी, हेकरू, शिंगाळा, सगळे मासे तिथे वस्तीला असत. गावचे लोक तिथे गळ टाकत, पण बेताने. मासा अंड्यावर असताना तर कोणी फिरकत नसे. वाल्मीकरावांनी जागा पाहिली आणि पुढच्याच महिन्यात सगळं मंडळ तिथे नेलं.

त्या सप्टेंबरातल्या रविवारी तिथे शिंगाळ्यांचा थवाच्या थवा वर आला होता. पाणी नुसतं खदखदत होतं. आमिष लावायचीही गरज उरली नाही. एका दोरीला चार-चार गळ बांधून हिसका द्यायचा, की कुठे पोटाला, कुठे शेपटीला अडकून मासा वर! दोन होड्यांत आठ माणसं वेडी झाल्यासारखी ओढत होती.

वाल्मीकरावांनी एक मोठा शिंगाळा होडीत घेतला. त्याने आ केला आणि तोंडातून पिवळे गोळे फळ्यांवर घरंगळले. प्रत्येक गोळा चांगला टपोऱ्या द्राक्षाएवढा.

"हे काय रे?" वाल्मीकराव दचकले.

"अंडी आहेत, भाऊ," नवशा म्हणाला. "नर आहे तो. शिंगाळ्याची मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात धरून वागवतो. पिल्लं बाहेर पडेस्तोवर काही खात नाही. त्याला सोडा. आणि आता दोर गुंडाळा सगळ्यांनी. पुष्कळ झालं."

"पुष्कळ?" पलीकडून पुंजा ओरडला. पुंजा मंडळाचा चिटणीस होता. "तांडेल, असा दिवस पुन्हा यायचा आहे का?"

वाल्मीकरावही हसले. "नवशा, एवढा मोठा समुद्र! आपल्या आठ जणांच्या गळांनी काय आटणार आहे का?"

नवशाने ती अंडी ओंजळीत गोळा करून पाण्यात सोडली. सोडून उपयोग नाही हे त्यालाही ठाऊक असावं. दुपारी मोजदाद झाली तेव्हा दोन्ही होड्यांत मिळून एकशे बेचाळीस मासे होते.

त्यानंतरच्या दोन खेपा मात्र फुकट गेल्या. ऑक्टोबरात अकरा मासे मिळाले, नोव्हेंबरात चार. नोव्हेंबरात नवशा आलाच नाही. बाप आजारी आहे असं सांगून त्याने दुसरा माणूस पाठवला. 'वारा बरोबर नव्हता' असं मंडळाने ठरवलं आणि विषय संपवला.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी वाल्मीकरावांच्या दारात नवशा उभा राहिला. डोक्याचा चकोट केलेला, अंगावर धुवट सदरा, हातात रिकामी पिशवी.

"बाप गेला, भाऊ," तो म्हणाला. "अस्थी घेऊन पंचवटीत आलो होतो. सकाळी रामकुंडावर विधी उरकला. म्हटलं, आलोच आहे तर भेटून जावं."

लताबाईंनी त्याला बसवलं, जेवू घातलं. हात धुऊन तो बाहेरच्या खोलीत आला तेव्हा त्याची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. तो बराच वेळ तिथे उभा राहिला.

"काळूबाबांना फार त्रास झाला का?" वाल्मीकरावांनी विचारलं.

"अंगाचा नाही झाला. रोज एकच विचारायचा. खडकावर काय लागलं? मी आधी खोटं सांगत होतो. हेकरू लागला, तांबोशी लागली. मग गावातलाच कुणीतरी भेटायला आला आणि सांगून गेला, की खडकावर काही राहिलं नाही. त्या दिवसापासून बाप माझ्याशी बोलला नाही. गेला तेव्हाही बोलला नव्हता."

वाल्मीकरावांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"गावानं मला पंचांपुढे उभं केलं," नवशा सावकाश सांगत होता. "म्हणाले, जागा सगळ्या गावाची, तू परक्यांना कशी दाखवलीस? त्यांचं चुकलं नाही. दसऱ्यानंतर मोठ्या जाळ्यांत काही लागेनासं झालं, की गरीब माणूस त्या खडकावर दोन मासे काढून घर चालवतो. औंदा त्याला ते मिळाले नाहीत. माझ्या होडीवर आता गावचा माणूस चढत नाही."

हे ऐकून वाल्मीकरावांना वाईट वाटलं, पण वाईटाच्या आड थोडा रागही आला. आपल्यावर ठपका येतोय हे त्यांना सहन होईना.

"हे बघ नवशा, सगळं आमच्यावर ढकलू नकोस. ते ट्रॉलर टनाटनांनी मासा ओढतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही. आम्ही महिन्यातून एकदा येतो, हौसेने चार गळ टाकतो. आमच्यामुळे समुद्र रिकामा झाला?"

"समुद्राचं मी बोलतच नाही, भाऊ. ट्रॉलरवाले वाईटच करतात. पण ट्रॉलर खडकावर येत नाही. त्याचं जाळं फाटतं. म्हणून तर मासा तिथं आसऱ्याला येतो, तिथं अंडी घालतो. त्या जागी फक्त गळ पोचतो." नवशाने फोटोकडे पाहिलं. "आणि तो गळ तुमचा होता. नेणारा मी होतो."

लताबाई मध्येच बोलल्या. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"अहो, मी आजवर बोलले नाही. पण ते मासे जातात कुठे, हे तुम्ही कधी विचारलंत का?"

"म्हणजे? वाटतेस ना तू?"

"वाटते! लोक दारं लावून घेतात. आपण चौघं किती खाणार? सप्टेंबरातले निम्म्याहून जास्त मी मागच्या अंगणात पुरले. कुदळ घेऊन, एकटीनं. त्यातल्या कितीतरींच्या पोटात अंडी होती. तुमचा कप मी दर आठवड्याला घासते, पण तो घासताना मला तेच आठवतं."

नवशाने मान खाली घातली. ज्या माशांसाठी त्याचं गाव त्याच्यावर उलटलं होतं, ते नाशिकच्या मातीत पुरले गेले होते! त्याने काही म्हटलं असतं तर वाल्मीकरावांना सोपं गेलं असतं.

नवशाची एस.टी. दुसऱ्या दिवशी दुपारची होती. त्याने द्राक्षबाग कधी पाहिली नव्हती, म्हणून सकाळी वाल्मीकराव त्याला दिंडोरीजवळच्या आपल्या गावी घेऊन गेले. थोरले बंधू खंडेराव बागेत मांडवाखाली कात्री घेऊन उभे होते. वेली घडांनी लगडल्या होत्या आणि खंडेराव एकामागून एक घड कापून खाली टाकत होते. खाली हिरव्या घडांचा सडा पडला होता.

नवशा चकित झाला. "दादा, चांगले घड आहेत की हे! कापून का टाकता?"

"चांगलेच हायत," खंडेराव म्हणाले. "पण समदे ठेवून कसं चालंल? वेलीला झेपलं तेवढंच ठेवायचं. पहिल्या वर्सी मीबी हाव केली व्हती. लय घड ठेवले. माल निघाला, नाय असं नाय. पण पुढल्या साली वेल अशी बसली, की नुसती पानं! दोन वर्सं बाग सुधरली नाय. तवापासून वेलीला इचारल्याबिगर घड ठेवत नाय मी."

एवढं बोलून खंडेराव पुन्हा कामाला लागले. समोरचा पाहुणा कोण, त्याचं दुःख काय, हे त्यांना माहीत नव्हतं. नवशानेही काही सांगितलं नाही. पण वाल्मीकराव जागच्या जागी थिजले. अरे! हे तर आपल्या घरचंच ज्ञान! आपण याच मातीत वाढलो. वेलीला किती झेपेल हे पाहून हात आवरायचा, हे आपल्या भावाला कळतं, मग आपल्याला समुद्रावर गेल्यावर काय झालं होतं? बाग आपली म्हणून जपायची आणि खडक दुसऱ्याचा म्हणून ओरबाडायचा?

स्टँडवर नवशाला गाडीत बसवताना त्यांनी त्याचा हात धरला.

"नवशा, मी तुझ्या पंचांसमोर येईन. चूक माझी आहे, ती माझ्या तोंडाने सांगेन."

"या, भाऊ," एवढंच नवशा म्हणाला.

वाल्मीकराव जानेवारीत खरोखरच गेले. देवळासमोर बसलेल्या पंचांपुढे उभं राहून त्यांनी मोकळेपणाने चूक कबूल केली. पंच काही लगेच विरघळले नाहीत. त्यांनी पुष्कळ सुनावलं आणि शेवटी म्हणाले, "तुमच्या मंडळाचा नियम काय तो आधी ठरवा, मग बोलू."

त्याच महिन्यात मंडळाची वार्षिक सभा झाली. सलग तिसऱ्या वर्षी कप वाल्मीकरावांच्या नावे निघाला. ते उठले आणि म्हणाले, "हा कप मी घेत नाही. आणि यापुढे कोणालाच देऊ नये असं माझं म्हणणं आहे."

मग त्यांनी नियम मांडले. माणशी एका दिवसात फक्त पाच मासे. वीतभराहून लहान मासा जिवंत परत सोडायचा. अंड्यावरचा मासा दिसला तर तो सोडून दोर गुंडाळायचे. आणि पावसाळ्यापासून दसऱ्यापर्यंत काळूच्या खडकावर जायचंच नाही.

पुंजा ताडकन उठला. "हौसेला कसली मोजपट्टी? पाच माशांसाठी एवढ्या लांब कोण जाईल? वाल्मीक, तू दोन वर्षं कप मिरवलास आणि आता आम्हाला उपदेश करतोस?"

"खरं आहे तुझं," वाल्मीकराव म्हणाले. "सर्वांत जास्त नासधूस मीच केली. म्हणूनच सांगायचा हक्क नसला तरी सांगण्याची जबाबदारी माझी आहे. पुंजा, आपण पोटासाठी जात नाही, मजेसाठी जातो. आपली मजा म्हणजे कोणाच्या तरी ताटातला घास असेल, तर ती मजा कुठे थांबवायची हे ठरवायला नको का? आणि पाच मासे तुझ्या घरी संपत नसतील, तर सहावा कोणासाठी धरायचा?"

वादावादी तासभर चालली. शेवटी अकरा जणांनी हात वर केले. पुंजासकट आठ जण मंडळ सोडून गेले. पुढे त्यांनी स्वतःचा वेगळा गट काढला, पण काळूच्या खडकावर त्यांना नेणारी होडी त्या किनाऱ्यावर मिळाली नाही.

पंचांनी नियमांचा कागद वाचून घेतला आणि मंडळाला परवानगी दिली. नवशाच्या होडीवर गावची माणसं हळूहळू पुन्हा चढू लागली. त्याच्या बापाचा अबोला मात्र कोणाला सोडवता येणार नव्हता. ते दुःख त्याच्यापाशीच राहिलं.

खडक सावरायला वेळ लागला. पहिल्या वर्षी मंडळींना दिवसभरात पाच मासेही मिळत नसत. दुसऱ्या वर्षी थोडे दिसू लागले. १९८५ च्या फेब्रुवारीतल्या एका सकाळी मात्र वाल्मीकरावांना आठ वाजायच्या आतच पाच मासे लागले. पाचवा हेकरू होता, चांगला हातभर. खाली मासा आहे हे दोरीवरून कळत होतं. हात शिवशिवत होते. त्यांनी नायलॉनच्या दोरीचा तंगूस गुंडाळला, गळ डब्यात ठेवला आणि डबा बंद केला.

"भाऊ, अजून चार तास आहेत," नवशा म्हणाला. "कंटाळा येईल."

"येऊ दे. तुझा डबा काढ, मी भाकरी आणली आहे."

दोघे होडीत बसून जेवले. संध्याकाळी घरी आलेले पाच मासे त्या घरच्या माणसांनी आणि सुलाबाईंच्या घरच्यांनी मिळून खाल्ले. काही उरलं नाही.

वाचकहो, समुद्र असो, धरण असो की डोंगरावरचं रान, आपण तिथे हौसेने जातो तेव्हा आपल्याला अडवणारा कोणी नसतो. पोलीस नसतो, कायद्याचं पुस्तक नसतं, मोजणारा कारकून नसतो. अशा ठिकाणी माणसाची खरी पारख होते. मिळतं आहे म्हणून घ्यायचं नसतं, लागतं तेवढंच घ्यायचं असतं. जे आपण निर्माण केलं नाही, ते संपवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. पुरे कधी म्हणायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं, आणि ते हात भरायच्या आत ठरवावं!