आकडा आधी आईला

मी बाळांचा वजनकाटा बोलतोय. तोच, गोल तबकडीचा, वर हुक आणि खाली निळी झोळी. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. खोक्यातून बाहेर आलो तो थेट इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या एका अंगणवाडीत. दहा वर्षांत शेकडो बाळं माझ्या झोळीत बसली. कोणी लाथा झाडल्या, कोणी मला ओलं केलं, एकाने तर चक्क झोप काढली. मला राग येत नाही. मी जरा जास्तच चौकस आहे, एवढंच.

मला दाराच्या चौकटीत टांगायचे, कारण हुक तिथेच होता. रजिस्टरचं टेबल मात्र आतल्या भिंतीशी. अंगणवाडीच्या सुमनताई दारात वजन घ्यायच्या आणि आत बसलेल्या मदतनीस अंबिकाबाईंना लिहून घेता यावं म्हणून खणखणीत आवाजात पुकारायच्या. आधी नाव, मग किलो, मग ग्रॅम. गिरणीचा भोंगा बंद झाल्यापासून या गल्लीने असा आवाज ऐकला नसेल.

गेल्या वर्षी बाळं येईनाशी झाली. नेमकं वजनाच्या दिवशी कोणी मामाकडे गेलेलं असायचं, कोणाला झोप लागलेली असायची. आहाराची पाकिटं न्यायला मात्र त्याच आया हसत यायच्या. मी विचारात पडलो. माझी सुई अडकते की काय?

हा वजनाचा कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेचं ऑफिस तुकोगंजात. तिथे ठरलं, की आयांना वजनाचं महत्त्वच कळत नाही. मग पोस्टरं लागली. सकाळी कचरागाडीचं गाणं वाजून गेलं, की पाठोपाठ आमची रिक्षा लाउडस्पीकर लावून फिरायची. बाळं आणखी कमी झाली.

शेवटी ऑफिसने अबोलीला पाठवलं. ही नाशिकची मुलगी, नोकरीसाठी इंदूरला आलेली. प्रश्नावली घेऊन घरोघर हिंडली आणि ‘सब बढ़िया है’ एवढंच ऐकून परत आली. पण ती माझ्याच जातकुळीची निघाली. कागद पिशवीत टाकून ती वजनाच्या दिवशी नुसती कोपऱ्यात बसायला लागली. एका गुबगुबीत बाळाचं वजन पुकारलं, तशी त्याच्या आईने घाईघाईने त्याच्या कानामागे काजळ टेकवलं. एका हडकुळ्या मुलीचं पुकारलं, तेव्हा तिची आई मान खाली घालून चपला शोधू लागली. अबोली सुमनताईंना म्हणाली, की नजर लागणं ही अंधश्रद्धा आहे, हे बायकांना समजवायला हवं.

सुमनताई म्हणाल्या, “अबोलीजी, नजर लागते की नाही, मला काय पता. पण आई येत नाही, ते तर दिसतंय ना?”

तेवढ्यात शिखा पाकीट घ्यायला आली, एकटीच. तिचा ऋषभ नऊ महिन्यांचा, पण तीन महिने माझ्या झोळीत बसला नव्हता. मागच्या वेळी माझी सुई खालीच थांबली होती, सुमनताईंनी नेहमीसारखं पुकारलं, आणि समोरच्या ओट्यावरून कोणीतरी विचारलं होतं, दूध पाजत नाहीस का. मला त्या पोराची काळजी लागून राहिली होती. अबोलीने विचारलं, त्याला का आणत नाहीस? शिखा पाकिटाची कड मोडत म्हणाली,

“आणते ना, दीदी. पण माझ्या पोराचं वजन पुऱ्या गल्लीला कशाला सांगता? मला सांगा.”

सुमनताईंचा चेहरा पडला. इतकी वर्षं त्या पुकारत होत्या ते केवळ टेबल लांब होतं म्हणून.

दुसऱ्याच दिवशी टेबलाशेजारी छताला नवा हुक ठोकला, मला आत टांगलं, पडदा लावला. आता आईनेच सुई वाचायची आणि हळूच सांगायचं. शिखा ऋषभला घेऊन आली. तो रडलासुद्धा नाही. पाच किलो नऊशे. तीन महिन्यांपूर्वीपेक्षा दोनशे ग्रॅम कमी. तिने पुन्हा एकदा वाचलं. सुईने आज थोडं खोटं बोलावं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. ती खोटं बोलली नाही, ते बरं झालं. त्याच दुपारी सुमनताई दोघांना दवाखान्यात घेऊन गेल्या. अशा बाळांना तिथे आईसह दोन आठवडे ठेवतात. ऋषभ परत आला तो लाथा झाडतच. मला इतका आनंद झाला, की सुई जागेवर यायला जरा वेळच लागला.

गेल्या महिन्यात ऑफिसने आमच्या कामावर खूश होऊन विजेचा नवा काटा पाठवला. तळहाताएवढे लाल आकडे, गल्लीतूनही वाचता येतील असे. प्लग दाराजवळ, म्हणून तो दाराजवळ मांडला. माझी रवानगी कपाटावर झाली.

आज वजनाचा दिवस होता. शिखा दारात आली आणि ते लाल आकडे बघून थबकली. आता ही मागे फिरणार, म्हणून मी घाबरलो. ती आत आली. तिने यंत्राचं तोंड स्वतःकडे वळवलं, ऋषभला ठेवलं, ओढणीचा आडोसा धरून आकडा वाचला आणि मग सुमनताईंना जवळ बोलावलं. मागच्या बाईनेही तसंच केलं.

मला खुशाल मोडीत घाला, माझी तक्रार नाही. नवी यंत्रं आणा, माझ्यापेक्षा हुशार आणा. फक्त आणण्याआधी एकदा शिखाला विचारा.