गाडीचं तोंड दाराकडे

जरा ऐकता का? वेळ फार थोडा आहे, पण मला घाईत बोलता येत नाही. मी गॅरेजमधलं सुतारकामाचं टेबल बोलतोय. काल माझे चारही पाय कापले. आत्ता भिंतीला तिरका टेकवून ठेवलाय मला. उद्या सकाळी भंगारवाला येणार आहे. तेवढ्यात सांगून होतंय का बघतो.

मी शिकलेला नाही. माझ्या पाठीवर पेन्सिलीने हजारो आकडे लिहिले गेले, पुसले गेले, एकही मला वाचता आला नाही. पण माणसं जवळून पाहिली. तेवढंच माझं शिक्षण.

आधी मी दरवाजा होतो. एक जुनी शाळा पाडली, तेव्हा तिथला शाळेचा सुतार मला आणि माझ्या जोडीदाराला खांद्यावर टाकून घरी घेऊन आला. या घरातले बाबा ते हेच. आम्हा दोघांना त्यांनी शेजारी-शेजारी जोडलं आणि टेबल केलं. कुलपाचं भोक माझ्या अंगात तसंच राहिलं. ते त्यांनी बुजवलं नाही, त्यात पेन्सिल उभी ठेवायचे. म्हणायचे, "देवाने दिलेला खिसा आहे, शिवायला कशाला लागतोय?"

पाय मात्र त्यांनी भक्कम दिले. जमिनीत वीतभर खड्डे खणून त्यात पाय उतरवले, वर सिमेंट ओतलं. आई, म्हणजे त्यांच्या मंडळी, दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "अहो, उद्या हलवायचं झालं तर?"

"हलणारं टेबल काय कामाचं? रंधा मारताना टेबल डगमगलं तर लाकूड नाही, माणूस सोलून निघतो."

आता वाटतं, आई पुढचं बघत होत्या. पण बाबांचंही खोटं नव्हतं. पस्तीस वर्षं मी तसूभर हललो नाही.

या घराची एक रीत आहे, ती आधी सांगतो. गाडी आत घेताना ती मागे-मागे घ्यायची. गाडीचं तोंड कायम दाराकडे. ही रीत हौसेची नाही. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी आईंच्या छातीत दुखायला लागलं. गाडी तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभी होती. मुलगा ती काढायला धावला. गाडी मागे काढताना दाराच्या खांबाला घासली, अडकली, पुन्हा पुढे घेतली, पुन्हा मागे. तो ओरखडा खांबावर अजून आहे. आई त्या दिवशी परत आल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, दोन-चार मिनिटांनी काही फरक पडला नसता. पण घराने ते ऐकून घेतलं नाही. त्या दिवसापासून गाडीचं तोंड दाराकडे. कुणी कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. हाताला लागलेली सवय ती, डोक्यापर्यंत जातच नाही. आणि तिथेच घोटाळा झाला.

मागच्या वर्षी बाबांना झटका आला. उजवं अंग गेलं, शब्दही गेले. आता त्यांना होकाराला 'हं' म्हणता येतं आणि नकाराला 'अं' म्हणता येतं. सगळा संसार त्या दोन आवाजांत. व्यायाम घ्यायला एक ताई दोन महिने यायची. नंतर तीच म्हणाली, "आता जेवढं झालं तेवढंच धरून चाला." तिचं येणं थांबलं.

बाबांचं थांबलं नाही. हे आजपर्यंत घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं. रोज दुपारी चारला ते डाव्या हाताने खुर्चीचं चाक फिरवत, डाव्या पायाने जमीन रेटत स्वयंपाकघराच्या दारातून इकडे येतात. तेव्हा घरी कुणी असलंच तर झोपलेलं असतं, नाहीतर सगळे कामावर. खुर्ची माझ्यासमोर लावतात, चाकाला अडकण घालतात आणि डाव्या हाताने माझी कड पकडतात. मग उठतात.

पहिल्या दिवशी बूड खुर्चीवरून चार बोटं उचललं गेलं न गेलं. दोन महिन्यांनी गुडघे सरळ झाले. त्यांचं सगळं वजन माझ्या कडेवर यायचं, आणि मी मनात म्हणायचो, टाका, बाबा, टाका. हे पाय तुम्हीच गाडलेत. परवापर्यंत ते अकरा श्वास उभे राहत होते. मी मोजायचो. लिहिता येत नाही म्हणून काय झालं, अकरापर्यंत येतं मला.

सांगत का नव्हते? पूर्ण चालता आलं की एकदम दाखवायचं, असं असावं. सुतार माणूस अर्धं काम कुणाला दाखवत नाही.

गुरुवारी नवी गाडी आली. विजेवरची. सून दवाखान्यात नर्स आहे, पाळ्या वेड्यावाकड्या, तिच्यासाठीच घेतली. शोरूमचा माणूस गाडी सोडायला आला आणि त्याने ती सरळ आत घातली, तोंड भिंतीकडे. त्याला काय माहीत आमची रीत? चार्जर बसेपर्यंत हिला हात लावायचा नाही असं ठरलं, म्हणून गाडी तशीच उभी राहिली.

शुक्रवारी वायरमन आला. सून कामावर होती. मुलाने सुट्टी घेतलेली, पण फोन काही सुट्टीवर नव्हता. मुलगा इमारतींचे नकाशे काढतो बरं का. दिवसभर मापंच घेतो. बाबाही खुर्चीत बसून बघत होते.

वायरमनने गाडीभोवती एक चक्कर मारली. "वायर लावायचं झाकण डाव्या अंगाला, पुढच्या चाकापाशी. म्हणजे चार्जरचा डबा या डाव्या भिंतीवर, मागच्या बाजूला घ्यायला लागेल. वायर पाच मीटरची आहे साहेब, फार लांब नाही जात." मग त्याने माझ्यावर थाप मारली. "पण हा म्हातारा इथून हलायला पाहिजे."

मुलगा दचकला. बाबांकडे बघितलं.

"टेबल म्हणतोय हो, टेबल!"

दोघंही हसले. बाबाही हसले, अर्ध्या तोंडाने. मी नाही हसलो.

"समोरच्या भिंतीवर नाही जमणार?" मुलाने विचारलं. समोरची उजवी भिंत मोकळी आहे. दाराजवळ विजेचा मीटरही तिकडेच.

"जमेल की. पण मग वायर गाडीवरून तंगड्या टाकत येणार. गाडी रोज अशीच लावता ना?"

तेवढ्यात फोन वाजला. मुलाने तो कानाला लावता लावता मान हलवली. "हो हो."

त्या दोन 'हो'त माझे चार पाय गेले.

मी काय केलं नाही! अहो, मी एवढ्या वर्षांत कधी कुरकुरलो नाही, त्या दिवशी कुरकुरलो. वायरमन म्हणाला, "वाळवी लागली असेल." माझ्या कडेची एक ढलपी मुलाच्या बोटात घुसवली. त्याने बोट चोखलं आणि म्हणाला, "बघा, हे असं झालंय याचं." मला ओरडायचं होतं. अरे बाबा, ही गाडी वळवून उभी कर एकदा! डावं अंग उजवीकडे जाईल, झाकण दाराशी येईल, त्या मोकळ्या भिंतीपाशी, मीटरच्या शेजारी. मला हात लावायची गरजच नाही! पण लाकडाला जीभ कुठून असणार?

आणि ज्यांना जीभ होती, त्यांची गेलेली. बाबांना कळलं होतं. त्यांनी डावा हात उचलला, दाराकडे दाखवला. मग तळवा हवेत गोल फिरवला, गाडी वळवतात तसा. "अं! अं!"

मुलाने फोन बाजूला धरला. "आत जायचंय बाबा? चला, इथे धूळही होणार आहे आता."

आणि खुर्ची ढकलत घेऊन गेला. दारातून दिसेनासा होईपर्यंत बाबांचा हात फिरत होता. दोन मुके एका खोलीत, आणि माप घेणारा तिसराच.

मुलगा वाईट नाही. काल सकाळी त्याने मला आधी पुसून घेतलं. पेन्सिलीच्या भोकात बोट घालून जरा वेळ उभा राहिला. म्हणाला, "हलवता आलं असतं तर हलवलं असतं रे." मग खिळ्यावरची करवत काढली. बाबांची करवत. माझ्याच पाठीवर ठेवून तिला दर महिन्याला धार लावली जायची. चांगली धार होती. मुलाला करवत धरता येत नाही, फार जोर लावतो, मध्येच अडकवतो. एका पायाला बराच वेळ लागला. चार पायांना किती लागला, ते सांगत नाही.

दुपारी डबा बसला. पांढरा, गुळगुळीत, हिरवा दिवा असलेला. त्याच्यावर माझा राग नाही. तो कालचं पोर, त्याला जिथे टांगलं तिथे टांगला गेला.

संध्याकाळी सून परत आली. गॅरेज कामाला मोकळं हवं म्हणून सकाळी ती नवी गाडीच घेऊन गेली होती. वायरमन हत्यारं आवरत होता. सुनेने काच खाली केली, मान वळवली आणि सवयीने, कुठेही न अडखळता, गाडी मागे-मागे आत आणली. तोंड दाराकडे.

मुलाने हसत वायर काढली. ओढली. गाडीच्या मागून वळसा घालून नेली. पुरली नाही. बॉनेटवरून टाकली. तरी हातभर कमी पडली. टोक हातात धरून तो तसाच उभा राहिला.

"अरे," सून म्हणाली, "आपण गाडी कशी लावतो?"

वायरमन टोपी काढून डोकं खाजवायला लागला. "मी विचारलं होतं साहेबांना. उभी दिसली तशी मोजली मी."

मग मुलगा हळूच म्हणाला, "जाऊ दे. यापुढे सरळ लावू. काय फरक पडतो?"

सुनेने दाराच्या खांबाकडे बघितलं, तिथल्या ओरखड्याकडे. मुलानेही बघितलं. मग तोच म्हणाला, "उद्या-परवा येऊन डबा समोरच्या भिंतीवर घ्या."

माझं काय, ते कुणीच विचारलं नाही. भंगारवाल्याला फोन सकाळीच होऊन गेला होता.

आज चार वाजता बाबा आले. काल त्यांना धुळीमुळे आतच ठेवलं होतं, माझे पाय गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. खुर्ची नेहमीच्या जागी लावली, चाकाला अडकण घातली. समोर जमिनीत चार खुंट, भिंतीवर हिरवा दिवा. त्यांनी मला शोधलं, कोपऱ्यात तिरका पडलेला बघितलं. रडले नाहीत. डावा हात मात्र पुढे आला, माझ्या कडेच्या उंचीवर थांबला आणि हवेतच मिटला. खांदे वर उचलायला लागले.

सून दोरीवर कपडे टाकून आत जात होती, ती दारात थबकली. तिने तो हात बघितला. नर्सच ती, तिला खांदे वाचता येतात.

"बाबा... तुम्ही इथे उभे राहायचा?"

"हं."

"रोज?"

"हं."

"किती वेळ?"

बाबांनी पाच बोटं दाखवली. मग पुन्हा पाच. मग एक.

ती पळत जाऊन नवऱ्याला घेऊन आली. त्याला सगळं समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा तो चार खुंटांच्या मध्ये, माझ्या जागी जाऊन उभा राहिला. हात आडवा केला, माझ्याच उंचीवर.

"धरा बाबा."

बाबांनी धरला. उठले. मी कोपऱ्यातून मोजत होतो. एक, दोन, तीन, चार. चौथ्याला मुलाचा हात लवला आणि बाबा खुर्चीत बसले. पोराचा दोष नाही. माणसाचा हात कितीही मायेचा असला तरी लवतोच. मला लवता येत नव्हतं, एवढाच माझा गुण.

मुलगा तिथेच खाली बसला. बाबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला आत जायचंय." बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग तोच हात उचलून माझ्याकडे दाखवला. "अं."

आता सगळे आत गेलेत. मी कान देऊन बसलोय. अजून भंगारवाल्याला परत फोन केल्याचं मला ऐकू आलेलं नाही. आज रडण्यात उद्याचं विसरतील, माणसांचं असंच होतं. पाणी डोळ्यांतून जातं, आणि काम डोक्यातून.

म्हणून तुम्हाला सांगतोय. तुमच्या ओळखीचं कुणी या घरी जात असेल तर निरोप द्या. डबा लावा, खुशाल लावा, पण समोरच्या भिंतीवर. आणि मला पाय द्या. सागाचे नकोत, पॉलिश नको, लोखंडी नळ्या ठोकल्यात तरी चालतील. खुंट अजून घट्ट आहेत, त्यांच्यावरच बसवा. फक्त डगमगू देऊ नका.

उद्या चार वाजता बाबांचा हात पुन्हा पुढे येईल. तेव्हा तिथे मला असू द्या.