दोन रेघांचा चोर

या घरच्या धाकट्या भावाला जुळ्या मुली झाल्या, त्या साली मी इथे आलो. मित्रांनो, मी एक जुना मायक्रोमीटर आहे. जाडी मोजणे हे माझे काम. घोड्याच्या नालेसारखा माझा पोलादी सांगाडा आहे. त्याच्या दोन टोकांमध्ये वस्तू धरायची आणि मागची नळी फिरवत आणायची. नळीवर बारीक रेघा कोरल्या आहेत. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. तुमच्या डोक्यावरचा एक केस माझ्या सहा-सात रेघा भरतो.

संशय हा माझा धंदाच आहे. कोणी म्हणाले, हा गज पंचवीस मिलिमीटर आहे, तर मी मान डोलावत नाही. मी म्हणतो, आण इकडे, बघू.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथेही कोणाचा कोणावर विश्वास नव्हता. एकाने माझा स्क्रू घासला, दुसऱ्याने तो तपासला आणि तिसऱ्याने दुसऱ्याचे तपासणे तपासले. तिथून मी दुसऱ्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेलो. तिथला स्टोअरकीपर पितळी बिल्ला ठेवून घेतल्याशिवाय मला खिडकीबाहेर सोडत नसे. पुढे माझ्या अंगावरचा रंग उडाला, आकडे पुसट झाले आणि त्याने मला मोडीत टाकले. तिथे लेथवर धातू कातणाऱ्या एका टर्नरने मला मागून घेतले. तोच आमचा थोरला.

थोरला मला खिशातून घरी घेऊन आला, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ आलेला होता. त्याने मला उलटेसुलटे करून पाहिले.

"दादा, खरं सांग. मागून आणलास की उचलून?"

"उचलून आणला असता तर तुला दाखवला असता का?"

"तू मला काय काय दाखवत नाहीस, ते मला काय माहीत!"

दोघेही खो खो हसले. मी मात्र ते वाक्य लक्षात ठेवले.

घर लहान होते. स्वयंपाकघराच्या मागे एक खोली होती. तिला एकच खिडकी, खिडकीखाली एक छोटा जुना लेथ, शेजारी बाकावर व्हाइस आणि कानशी. थोरला सुट्टीच्या दिवशी तिथेच असे. धाकटा तांब्याचे काम करणारा. पत्रा वळवणे, नळ्या जोडणे, डाग देणे यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. तो जवळच्याच गल्लीत राहत होता आणि मागच्या खोलीची एक किल्ली त्याच्याकडे असे. थोरल्याच्या बायकोला तो वहिनी म्हणे, म्हणून सगळेच वहिनी म्हणत. मीही तेच म्हणेन.

जुळ्यांच्या बारशाच्या आधीच दोघा भावांनी ठरवले होते, की मुलींसाठी वाफेचे इंजिन करायचे. टेबलावर मावेल एवढे, पण खरे. पाणी उकळेल, वाफ होईल, चाक फिरेल असे. बॉयलर धाकट्याने करायचा, सिलिंडर, पिस्टन, चाक थोरल्याने. मुली रांगायला लागल्या, शाळेत गेल्या, कॉलेजात गेल्या, नोकरीला लागल्या. इंजिन आपले होतेच आहे. मुली विचारायच्या, "काका, झालं का इंजिन?" वहिनी आतून म्हणायची, "होईल की. तुमच्या नातवंडांना लागेलच!"

उशीर व्हायला कारण थोरल्याचा स्वभाव होता. एक भाग मनासारखा झाला नाही, की तो सरळ मोडीच्या डब्यात जायचा. लेथवर पितळ कातून झाले, की जॉब, म्हणजे कातलेला भाग, उतरवून तो खिडकीत ठेवायचा आणि स्टुलावर बसून राहायचा. वहिनी जेवायला हाका मारून दमायची. मग कधी तरी तो उठायचा, मला पेटीतून काढायचा, माप घ्यायचा आणि गार जेवायला जायचा.

थोरला निवृत्त झाला आणि कामाला वेग आला. चाक झाले, दांडा झाला, सिलिंडर आतून आरशासारखा झाला. धाकट्याचा बॉयलरही कधीचा तयार होऊन त्याच्या घरी बसला होता. उरला होता फक्त पिस्टन, म्हणजे सिलिंडरच्या आत मागेपुढे सरकणारा दट्ट्या. तो असा बसायला हवा, की तेलाचा थेंब लावून सोडला तर स्वतःच्या वजनाने सावकाश खाली उतरेल. सैल झाला तर वाफ बाजूने पळणार आणि चाक हलणार नाही.

एका संध्याकाळी पिस्टन झाला. थोरल्याने फडक्यात धरून तो माझ्यात घातला. माप अगदी नेमके भरले. तो खूश होऊन जेवायला गेला.

सकाळी त्याने पिस्टन सिलिंडरमध्ये सोडला. तो खडखडत खाली पडला. थोरल्याने मला काढले. माप दोन रेघांनी कमी!

त्याने पहिला संशय माझ्यावर घेतला. मित्रांनो, मला त्याचा राग आला नाही, कारण रीत तीच आहे. त्याने माझी टोके पुसली, मला रिकामाच मिटवला आणि शून्यावर शून्य येते का ते पाहिले. आले. मी निर्दोष सुटलो. मग माणसे उरली.

दुसरा पिस्टन केला. संध्याकाळी नेमका, सकाळी दोन रेघा कमी. रात्रीतून कोणी तरी त्याला घासत होते.

आता मीही डोळ्यांत तेल घालून बसलो. थोरला सकाळी अंघोळीला गेला, की धाकटा स्वतःच्या किल्लीने मागचे दार उघडून आत यायचा. पिस्टन उचलून उजेडात धरायचा. त्याच्या सदऱ्याच्या खिशात पॉलिश पेपरची घडी असायची. एकदा तर त्याने मोडीच्या डब्यातले दोन्ही पिस्टन काढले, इकडेतिकडे पाहिले आणि खिशात घातले. मला वाटले, हाच तो. बॉयलर आधी तयार झाला, म्हणून हा मिरवत होता. दादाचे काम रखडले की याचे नाव मोठे.

थोरल्याने एका सकाळी त्याला दारातच गाठले.

"पिस्टनला हात लावलास?"

"लावला. बघायला."

"बघायला पॉलिश पेपर लागतो का?"

"दादा, माझ्या खिशात पॉलिश पेपर आपली जुळी झाली तेव्हापासून आहे. आजच दिसला होय?"

"डब्यातले पिस्टन कुठं गेले?"

"मी नेले. तू फेकलेस म्हणून नेले. मोडीवर पण पहारा आहे का?"

थोरल्याने हात पुढे केला. "किल्ली ठेव."

धाकट्याने किल्ली काढून लेथवर ठेवली. आवाज न चढवता म्हणाला, "मोजून घे बरं का नीट. तिलाही घासली असेल मी."

तो गेला. वहिनी दारात उभी होती. "अहो, सख्ख्या भावाला असं हाकलतात?" थोरल्याने दोन्ही किल्ल्या दोरीत ओवून कमरेला बांधल्या.

मला वाटले, आता निवांत. तिसरा पिस्टन झाला, मापाला पुरेपूर उतरला, दाराला कुलूप लागले. रात्रभर खोलीत मी, लेथ आणि पिस्टन. उंदीरसुद्धा फिरकला नाही.

सकाळी माप दोन रेघांनी कमी.

मित्रांनो, त्या सकाळी मी घाबरलो. कुलूप शाबूत, किल्ली कमरेला, आणि चोर येऊन गेला होता. थोरला स्वयंपाकघरात गेला. दार उघडे होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"तिसरी किल्ली कुठं आहे?"

"कसली तिसरी?"

"तू त्याला करून दिलीस. तू नेहमी त्याचीच बाजू घेतेस."

भांडे आपटल्याचा आवाज आला. मग वहिनी खोलीत आली. तिने पिस्टनकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"हे मोजता कधी तुम्ही?"

"संध्याकाळी. लेथवरून उतरवला की लगेच."

"लगेच? गरम असतानाच?"

थोरल्याने पिस्टनला बोट लावले.

"अहो, सगळा जन्म मला गार जेवायला लावलंत. का, तर म्हणे कातताना पितळ तापतं, तापलं की फुगतं, गार झाल्याशिवाय खरं माप देत नाही. मी हाका मारायची आणि तुम्ही इथं त्या जॉबची राखण करत बसायचं! हल्ली वेळेवर ताटावर येता. मला वाटलं, म्हातारपणी का होईना, माझी दया आली."

थोरला खिडकीकडे पाहत राहिला. तिथली जागा रिकामी होती. नव्या उमेदवारांना तो कारखान्यात पहिल्या दिवशी हेच शिकवायचा. गरम जॉब मोजू नका, तो मोठा दिसतो. गार झाला की आपोआप आक्रसतो. कोणी घासावा लागत नाही.

"मग मी तो फडक्यात कशाला धरत होतो?" त्याने हळूच विचारले.

"चटका बसू नये म्हणून," वहिनी म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता.

थोरल्याने मला सदऱ्याच्या खिशात टाकले आणि तो तडक धाकट्याच्या घरी गेला. धाकटा ओट्यावर एक नळी वाकवत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"आता काय हरवलं, दादा?"

"मी गरम जॉब मोजत होतो."

धाकट्याने नळी खाली ठेवली. मग तो हसायला लागला. "तू? लहानपणी याच गोष्टीसाठी मला पट्टीनं फोडून काढलं होतंस! तू गरम जॉब..."

आणि त्याचे हसू मध्येच थांबले. दादा ही गोष्ट विसरतो म्हणजे काय, हे त्याच्या तेव्हा लक्षात आले. थोरला त्याच्याकडे पाहत होता.

"चल आत," धाकटा म्हणाला. "तुझी चोरी दाखवतो."

खिडकीत ते दोन पिस्टन ठेवलेले होते, पुसून, तेल लावून. "फेकायचे कशाला? मध्ये एक खाच पाड. तिच्यात मी सुताचा दोरा ग्रीस लावून गुंडाळतो. दोन रेघांची फट दोरा भरून काढेल. वाफेला काय कळतंय!"

दुसऱ्या दिवशी थोरल्याने लेथवर खाच पाडली. जॉब उतरवून धाकट्याने स्वतः तो खिडकीत ठेवला आणि दोघे भाऊ स्टूल आणि बाक घेऊन त्याच्याकडे बघत बसले. आतून वहिनीची हाक आली. दोघेही एकदम ओरडले, "थांब! गार होतोय!" वहिनीने त्या दिवशी दुसऱ्यांदा हाक मारली नाही.

सुट्टीला मुली आल्या, तेव्हा इंजिन चालले. आधी फुसफुसले, गरम पाणी थुंकले, मग चाक असे गरगरले की टेबल थरथरू लागले. "एवढ्याशा फुसफुशीसाठी आम्ही म्हाताऱ्या व्हायच्या राहिलो होतो," जुळ्यांतली मोठी म्हणाली. थोरला लहान मुलासारखा टाळ्या वाजवत होता.

पण चोर घरातून गेला नव्हता. दोन रेघांवर त्याचे भागेना, तो मोठ्या वस्तू नेऊ लागला. कधी शेजाऱ्याचे नाव, कधी घराकडे वळणारी गल्ली, कधी कालचा दिवस. थोरला पुन्हा पुन्हा धाकट्याला म्हणे, "पिस्टनला हात लावलास. किल्ली ठेव." धाकटा भांडत नसे. तो किल्ली लेथवर ठेवायचा. निघताना वहिनी ती दारात त्याच्या हातात द्यायची. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा यायचा.

हळूहळू लेथवर चादर पडली. मी पेटीत गेलो. माझ्या स्क्रूला आता गंज धरू लागला आहे आणि कोणी झाकण उघडले, की ते कशासाठी उघडले असेल, असा संशय मला अजून येतो. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे जुने हत्यार असेल, तर त्याला अधूनमधून तेलाचा हात लावा. आणि वापराल तेव्हा आधी त्याचा शून्य बघा, जॉब गार होऊ द्या, मगच माप बोला. माणसाबद्दल बोलायचे असेल, तर आणखी थोडे थांबा.

धाकट्याच्या मोठीने स्वतःचे घर घेतले, त्या साली धाकटा गेला आणि त्याची किल्ली कायमची लेथवर आली. थोरल्याला सांगितले, पण ते त्याच्याजवळ टिकले नाही. तो रोज खोलीत येऊन लेथवरची चादर उचलायचा आणि म्हणायचा, "किल्ली इथंच पडलीय. मग तो येत कसा नाही? कुणी तरी त्याला अडवून ठेवलंय."

वहिनी म्हणायची, "येईल. जॉब गार होऊ द्या."

मग तो स्टुलावर बसायचा आणि रिकाम्या खिडकीकडे बघत राहायचा. पुढच्या उन्हाळ्यात थोरलाही गेला.