सहीच्या दिवशी मी नाकावर नव्हतो

मी एक जुना चष्मा आहे, आणि ज्या दिवशी माझी खरी गरज होती, नेमका त्याच दिवशी मी मालकाच्या नाकावर नव्हतो. मित्रांनो, हे एकच वाक्य सांगायला मला इतकी वर्षं जगावं लागलं असं समजा. बाकीचं सांगतो ते फक्त तुम्ही विचाराल म्हणून.

माझा जन्म दोंडाईच्याच्या बाजारात, फारुखभाईंच्या दुकानात झाला. काळी फ्रेम, जाड भिंगं. अभिमन आबांनी मला डोळ्यांवर चढवलं आणि समोरची पाटी धडाधड वाचून दाखवली. आबा तेव्हा रेल्वेतून नुकतेच निवृत्त झाले होते. स्टेशनाजवळच्या त्यांच्या जागेत एक पत्र्याची शेड होती, पुढे अंगण. शेडमध्ये त्यांची बायको सुंदरबाई मिरची कांडपाची मशीन चालवायच्या आणि अंगणात लालभडक मिरच्या वाळत पडायच्या. दोघांचं म्हातारपण त्या जागेवर उभं होतं.

काय दिवस होते ते! गल्लीत कोणाचं पत्र येवो, वीजबिल येवो, शाळेचा दाखला येवो, लोक आबांकडे धावायचे. आबा मला उपरण्याने पुसायचे आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. 'खालचं बारीक लिहिलेलं आधी वाचावं,' असं सगळ्यांना बजावायचे. माझीही छाती फुगायची. चष्म्याला छाती नसते हे मला माहीत आहे, तुम्ही हसू नका.

एकदा मार्चमध्ये, ऐन मिरचीच्या हंगामात, माझी डावी दांडी मोडली. अकरा तारखेला सुंदरबाईंनी मला फारुखभाईंकडे टाकलं. माझ्या मापाचा स्क्रू धुळ्याहून यायचा होता, म्हणून दोन दिवस मी त्यांच्या खणात पडून राहिलो. तेरा तारखेला दांडी बसली. चष्मा कधी टाकला, कधी नेला, हे लिहिलेली दुकानाची चिठ्ठी फारुखभाईंनी माझ्या डबीच्या तळाशी घातली. 'पुन्हा मोडली तर ही घेऊन या,' म्हणाले. त्या चिठ्ठीवर मी रोज निजत होतो आणि तिची किंमत मला ठाऊक नव्हती.

मधल्या बारा तारखेला घरी भूपेंद्र आला होता. भूपेंद्र म्हणजे आबांच्या एकुलत्या एक बहिणीचा मुलगा, राहायला धुळ्याला. आता आमच्याकडे भाचा म्हणजे देव. वयाने मोठा असला तरी मामा भाच्याच्या पाया पडतो, त्याला आधी जेवू घालतो. आबांनीही त्याचे पाय धरले. जेवण झाल्यावर त्याने कागद काढले. 'मामा, शेडच्या वीजमीटरचं काम आहे. तुम्ही कशाला खेटे घालता? मी करतो,' म्हणाला. आबांनी चार जागी सह्या केल्या. मी घरी परतलो तेव्हा त्यांनी हे इतक्या कौतुकाने सांगितलं की मलाही बरं वाटलं.

पावसाळ्याआधी एक अनोळखी माणूस टेप घेऊन आला आणि वाळत घातलेल्या मिरच्या तुडवत अंगण मोजू लागला. सुंदरबाई झाडू घेऊन धावल्या. तो म्हणाला, 'आजी, ही जागा आम्ही विकत घेतोय. तुमच्या मुखत्याराशी बोलणं झालंय. पुढच्या महिन्यात खरेदीखत.' त्याने कागदाची प्रत दाखवली. आबांनी मला लावलं. वर लिहिलं होतं, 'कुलमुखत्यारपत्र'. म्हणजे आबांच्या वतीने ही जागा विकायचा, सह्या करायचा, ताबा द्यायचा सगळा अधिकार भूपेंद्रला. खाली आबांची सही होती, अगदी खरी.

आबांनी मला काढून डबीत ठेवलं आणि ते ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर त्यांचं सगळं बधिर झालं. पुढे आलेलं जेवायचे, हाक मारली की मान हलवायचे. कांडप सुरू झालं की मिरचीच्या खकाण्याने अख्खी गल्ली शिंकायची. आबा शिंकतसुद्धा नव्हते. गल्लीतलं कोणी कागद घेऊन आलं तर म्हणायचे, 'दुसऱ्याकडून वाचून घे.' मी डबीत पडून असायचो. मला राग आला नाही, रडूही आलं नाही. नुसती धूळ बसत गेली.

सुंदरबाई मात्र गप्प बसणाऱ्या नव्हत्या. 'भाचा देव शे, मान्य. पन देवले बी आपन घर लिखी देतस का?' असं म्हणून त्यांनी आबांना हाताला धरून धुळ्याला नेलं, वकील दिपमालाताईंकडे.

ताईंनी विचारलं, 'आबा, सही तुमचीच ना? मग कागद वाचला का नाही?'

आबा जमिनीकडे बघत म्हणाले, 'भाचाना कागद कोन वाचस, ताई? पाप लागस.'

दुसऱ्यांना बारीक अक्षर वाचायला शिकवणारा माणूस! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. 'इथे लिहिलंय की तुम्ही बारा मार्चला धुळ्यात नोटरीसमोर आलात, मजकूर स्वतः वाचलात आणि सही केलीत.'

'बारा मार्चले आमी घरच व्हतूत,' सुंदरबाई म्हणाल्या. मग एकदम थांबल्या. त्यांनी पिशवीतून माझी डबी काढली, मला बाजूला केलं आणि तळाची चिठ्ठी टेबलावर ठेवली. टाकला अकरा मार्च, नेला तेरा मार्च.

ताईंनी ती दोनदा वाचली. सही खरी असली तरी फसवून घेतलेल्या सहीला आव्हान देता येतं, असं त्यांनी समजावलं. मुखत्यारपत्र रद्द केल्याची नोटीस भूपेंद्रला गेली, घेणाऱ्याला गेली, पेपरात छापून आली. कोर्टात दावा लागला आणि खरेदीखत थांबलं. फारुखभाई स्वतः म्हणाले, 'आबा, चष्मा तर माझ्या खणात होता! मी सांगतो ना जजसाहेबांना.'

आणि मग एका दुपारी भूपेंद्र आला. आबा उठले, वाकले, त्याच्या पाया पडले. सुंदरबाईंनी मशीन बंद केली नाही. 'मामा, घरातलं भांडण घरात मिटवू,' असं म्हणत त्याने एक कागद पुढे केला. 'तडजोड आहे. फक्त सही करा.'

आबांनी पेन घेतलं. माझा जीव डबीत घुसमटला. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि डबी उघडली. उपरण्याने मला पुसलं, कितीतरी महिन्यांनी. आणि भाच्यासमोर बसून मोठ्याने वाचायला लागले, खालचं बारीक अक्षर आधी. '...सदर कुलमुखत्यारपत्र मी राजीखुशीने, वाचून व समजून दिले होते...' तिथे ते थांबले. भूपेंद्र पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता.

आबांनी कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली. 'पाया पडनू, तो रिवाज शे. यावर मनी सही नई, भाचा.'

तो चहा न घेताच गेला. खकाणा अंगणभर पसरला होता. आबा ओट्यावर बसले आणि अचानक शिंकले, एकदा, दोनदा, इतक्या जोरात की मी नाकावरून घसरून त्यांच्या मांडीवर पडलो. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते मिरचीचं होतं की कशाचं, हे मी विचारलं नाही. सुंदरबाईंनी मशीन बंद केली आणि शेजारी येऊन बसल्या.

दावा अजून चालू आहे, मित्रांनो. मशीनही चालू आहे. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा चष्मा मोडला, तर तो त्याच दिवशी दुरुस्त करून आणा. आणि तो येईपर्यंत त्यांच्यापुढे कोणी कागद ठेवला, मग तो देवाने ठेवलेला का असेना, तर म्हणा, आबा, थांबा, मी वाचून दाखवतो.